बेनाम जुनी लेन्स हातात आली तर: माउंट कसा ओळखायचा आणि आपल्या कॅमेऱ्याला बसेल का ते कसं काढायचं

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी ताडपत्रीवर पाने, पकडी, नळाच्या तोट्या आणि मेलेले मोबाईल यांच्यात एक लेन्स लोळत होती. विकणारे काका म्हणाले, "निकॉनची आहे, घेऊन टाका." पुढची नावाची रिंगच गायब, त्यामुळे निकॉनची की कशाची काही पत्ता नाही, पण मोबाईलचा टॉर्च मारून बघितला तर काच स्वच्छ. साडेतीनशे म्हणाले, तीनशेला दिली. घरी आल्यावर मागचे आटे बघितले, साधारण ४२ एमएम वाटले, म्हटलं चला एम४२ आहे (४२ एमएम आट्यांचा एक जुना माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची पद्धत), अ‍ॅडाप्टर (दुसऱ्या कॅमेऱ्याला जोडणारी मधली रिंग) आपल्याकडे आहेच, लावायला घेतली तर दीड फेरा गेली आणि अडकली. इथे हात थांबवला हे बरं झालं, नाहीतर अ‍ॅडाप्टर आणि लेन्स दोन्हीचे आटे गेले असते.

ही लेन्स शेवटी काय निघाली ते सांगतोच, पण त्या निमित्ताने पूर्ण पद्धत लिहून काढतोय कारण काकांच्या कपाटातून, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून किंवा चोर बाजारातून लेन्स आणणारे भरपूर लोक आहेत आणि सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात, "ही कुठल्या कंपनीची?" माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. कंपनी पुढे लिहिलेली असते आणि माउंट मागे असतो, आणि एकच कंपनी चार माउंटमध्ये तीच लेन्स विकायची. म्हणून लेन्स आधी पालथी करायची.

सामान काय लागतं? एक पट्टी, जमलं तर व्हर्निअर (स्वस्तातला डिजिटलही चालतो), भिंग, टॉर्च, पांढरा कागद आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला एक एम६ बोल्ट, म्हणजे ज्याला १० नंबरचा पाना लागतो तो. बोल्ट कशाला ते पुढे येईल. या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच आहे.

आधी मागची बाजू बघा: आटे आहेत की खाचा

मागे स्क्रूसारखे आटे असतील तर ती स्क्रू माउंटची. दोन-चार पाकळ्यांसारखे पत्रे बाहेर आलेले असतील आणि लेन्स घालून थोडी फिरवली की 'कट्' आवाज करून बसत असेल तर ती बायोनेट. आणि मागे दोन्हीपैकी काहीच नाही, नुसतीच गुळगुळीत नळी असेल तर बहुतेक ती प्रोजेक्टरची आहे, तिच्यात अ‍ॅपर्चरची पातीही (उजेडाचं भोक लहान-मोठं करणारी) नसतात. अशी लेन्स घेऊ नका असं म्हणत नाही, पण तिला फोकसिंगचा जुगाड स्वतः करावा लागतो.

स्टुडिओवाल्यांकडून येणारी अजून एक जात म्हणजे एन्लार्जरची लेन्स. डार्करूममध्ये निगेटिव्हवरून कागदावर फोटो मोठा करायला वापरायचे ती. ही छोटी असते, अ‍ॅपर्चरची रिंग असते पण फोकसची रिंगच नसते, आणि मागे बहुतेक वेळा ३९ एमएमचे आटे असतात. एल-निक्कोर किंवा कॉम्पोनॉन असं नाव असेल तर तीच. लोक हिला "फोकस जाम आहे" म्हणून स्वस्तात देतात, फोकस जाम नाहीये हो, फोकस तिच्यात नाहीच. क्लोजअपसाठी मागे बेलोज (लांब-आखूड होणारा भाता) लावून मस्त चालते.

आट्याची रिंग फारच लहान, २५ एमएमच्या आसपास असेल तर ती सी-माउंट, म्हणजे १६ एमएम सिनेकॅमेरा नाहीतर सीसीटीव्हीची. ती मोठ्या सेन्सरवर पूर्ण फ्रेम भरत नाही, कोपरे काळे येतात.

स्क्रू माउंटची भानगड

आता खरा घोळ. आट्यांचा बाहेरचा व्यास मोजला की साधारण दोनच आकडे येतात, ३९ किंवा ४२. आणि दोन्हीकडे फसगत आहे.

४२ च्या घरात दोन वेगळे माउंट आहेत. एक एम४२, ज्यात आट्यांमधलं अंतर म्हणजे पिच १ एमएम असतं. हा १९४९ च्या कॉन्टॅक्स एस कॅमेऱ्यापासून चालत आलेला, पुढे प्राक्टिका, पेंटॅक्स, झेनिट, चिनॉन, फुजिका सगळ्यांनी वापरलेला. दुसरा टी-माउंट, तॅमरॉनने १९५७ मध्ये आणलेला, त्याचाही व्यास ४२ च पण पिच ०.७५. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. टी-माउंटची लेन्स एम४२ मध्ये घातली की ती एक-दीड फेरा जाते आणि मग आटे एकमेकांवर चढतात. वर माझं जे झालं ते हेच.

आता तो बोल्ट काढा. एम६ च्या साध्या बोल्टचं पिच बरोबर १ एमएम असतं. बोल्ट आडवा धरून त्याचे आटे लेन्सच्या आट्यांत दातात दात बसतील असे टेकवा आणि मागून टॉर्च किंवा खिडकीचा उजेड येऊ द्या. दात नीट बसले, मधून उजेड दिसत नाही, तर पिच १ एमएम. पहिला दात बसला, पण दुसरा आणि तिसरा डोक्याजवळ चढून राहिले तर पिच वेगळं आहे. माझ्या लेन्सवर तिसऱ्या दाताला उजेडाची फट स्वच्छ दिसत होती. खात्रीसाठी भिंगातून पट्टी लावून मोजलं, ३ एमएम मध्ये चार आटे. एम४२ असती तर तीन आले असते. म्हणजे टी.

व्हर्निअर नसेल तरी हे जमतं, फक्त चष्मा लावा. मी पहिल्यांदा चष्म्याशिवाय केलं आणि पाच मोजले.

३९ वाल्यांची फसगत वेगळ्या प्रकारची आहे. लायकाच्या जुन्या स्क्रू माउंटचे आटे ३९ एमएमचे, आणि सुरुवातीच्या रशियन झेनिटचेही ३९ चेच. पिचमध्ये फरक आहे, लायकाचं इंचाला २६ आटे आणि झेनिटचं १ एमएम, पण तो इतका बारीक की एवढ्याशा आट्यांवर बोल्टला कळत नाही आणि लेन्स बिनतक्रार आत जाते. मग फरक काय? तर लेन्स फिल्मपासून किती लांब बसायला पाहिजे तो. लायकासाठी २८.८ एमएम, झेनिटसाठी ४५.२. झेनिटवाली लेन्स लायकाच्या अ‍ॅडाप्टरवर लावली की ती सोळा एमएम आत बसते आणि फोकस कुठेच लागत नाही, सगळं धूसर, आणि मग लोक म्हणतात लेन्स खराब आहे. रेंजफाइंडरची (आरसा नसलेल्या, अंतर मापून फोकस लावायच्या लायकासारख्या कॅमेऱ्याची) लेन्स असेल, म्हणजे ज्युपिटर-८ किंवा इंडस्टार-६१ सारखी, तर मागून एक पितळी नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची रिंग दिसते जी फोकस फिरवला की पुढे-मागे सरकते. कॅमेऱ्यातला रेंजफाइंडरचा दांडा तिच्यावर टेकतो. एसएलआरच्या (झेनिटसारख्या, आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) लेन्सला त्याची गरजच नसते.

बायोनेट असेल तर खुणा शोधा

इथे मोजण्यापेक्षा बघण्याचं काम जास्त आहे. पाकळ्या बहुतेकांच्या तीनच असतात, त्यामुळे त्या मोजून काही कळत नाही.

सगळ्यात सोपी ऑलिंपस ओएम. अ‍ॅपर्चरची रिंग लेन्सच्या पुढच्या टोकाला असते आणि माउंटजवळ लेन्सवरच दोन बटणं असतात, त्यातलं एक लेन्स काढायचं. बहुतेक इतरांच्यात काढायचं बटण कॅमेऱ्यावर असतं, त्यामुळे ही दोन बटणं दिसली की पुढे काही बघायची गरज नाही.

निकॉनची जुनी असेल तर अ‍ॅपर्चर रिंगवर धातूचे दोन कान उभे असतात, जगभर त्यांना सशाचे कानच म्हणतात. शिवाय निकॉन उलटी फिरते, म्हणजे बाकीच्या ज्या दिशेला फिरवून लावायच्या त्याच्या विरुद्ध. इथे एक धोका आहे तो नीट वाचा. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा असला तरी १९७७ मध्ये एआय नावाचा बदल आला. त्याआधीच्या, न बदललेल्या लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग मागे जास्त लांब असते आणि डी७००० किंवा डी७५० सारख्या बॉडीवर माउंटच्या कडेला जो छोटा सरकणारा दांडा असतो तो तिने वाकू शकतो नाहीतर मोडू शकतो. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या स्वस्त बॉड्यांना तो दांडाच नाही म्हणून त्यांच्यावर ती बसते, फक्त मीटरिंग (कॅमेऱ्याने उजेड मोजणं) मिळत नाही. महागड्या कॅमेऱ्यावर जपून आणि स्वस्तातल्यावर बिनधास्त, असं उलटं गणित आहे.

कॅनन एफडी १९७१ ची. जुन्या एफडीला मागे एक वेगळी फिरणारी चंदेरी रिंग असते, लेन्स नुसती टेकवायची आणि ती रिंग आवळायची. १९७९ नंतरच्यांत पूर्ण लेन्सच फिरते. एफडीबद्दल अजून एक, ही बाहेर काढलेली असताना अ‍ॅपर्चर रिंग फिरवली तरी पाती हलत नाहीत, कारण ती मागच्या दांड्यावर चालतात. "अ‍ॅपर्चर जाम" म्हणून निम्म्या किमतीत मिळालेली एफडी मी बघितली आहे, दांडा बोटाने हलवला की पाती मजेत मिटत होती.

मिनोल्टावर एमसी किंवा एमडी लिहिलेलं असतं आणि बऱ्याचदा कुठेतरी रोक्कोर. कोनिकाच्या अ‍ॅपर्चर रिंगच्या टोकाला एई किंवा ईई असं अक्षर. पेंटॅक्स के १९७५ चा, तो रिकोह, चिनॉन, कोसिना अशा बऱ्याच जणांनी उचलला म्हणून लेन्सवर पेंटॅक्स लिहिलेलं नसलं तरी माउंट तो असू शकतो. यातल्या रिकोहच्या पी लेन्सवर मागे एक जास्तीची पिन असते, ती पेंटॅक्सच्या ऑटोफोकस बॉडीत फोकसचा स्क्रूड्रायव्हर असतो त्या भोकात जाऊन बसते आणि मग लेन्स निघत नाही. मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) अ‍ॅडाप्टरने लावणार असाल तर काळजी नाही. एक्झाक्टाच्या बऱ्याच लेन्सना बाजूला एक हात बाहेर आलेला असतो आणि त्यावर बटण, असली गंमत बघितली की विसरणं शक्य नाही.

आणि लेन्सचा मागचा अख्खा माउंटच फिरवून निघत असेल, खाली वेगळी रिंग दिसत असेल, तर ती तॅमरॉनची अ‍ॅडाप्टॉल असण्याची शक्यता मोठी. सत्तरच्या दशकात त्यांनी लेन्स एक आणि माउंट बदलता अशी सोय केली होती. म्हणजे आत्ता तिच्यावर जो माउंट आहे तो लेन्सचा नाही, मागच्या मालकाच्या कॅमेऱ्याचा.

आता पुढची अक्षरं वाचा, पण सगळ्यावर विश्वास ठेवू नका

पुढच्या रिंगवर साधारण चार गोष्टी असतात. १:२.८ असं लिहिलेलं म्हणजे सगळ्यात मोठं अ‍ॅपर्चर. एफ=१३५ म्हणजे फोकल लेंग्थ (जितकी जास्त तितकं लांबचं मोठं दिसतं). एक लांब नंबर म्हणजे सिरियल. आणि शून्यावर तिरकी रेघ मारलेलं चिन्ह आणि पुढे ४९, ५२, ५५ असा आकडा. हा आकडा फिल्टरचा. माउंटशी त्याचा काही म्हणजे काही संबंध नाही. ५२ बघून लोक "५२ एमएम लेन्स" म्हणतात आणि ५२ चा अ‍ॅडाप्टर शोधत बसतात.

एमसी या अक्षरांनी तर वैताग आणलाय. बहुतेक लेन्सवर त्याचा अर्थ मल्टिकोटिंग (काचेवरचे अनेक थरांचे लेप), रशियनवरही तसाच. पण मिनोल्टाच्या एमसी रोक्कोरवर तो मीटर कपल्ड (कॅमेऱ्याच्या उजेडमापकाशी जोडलेली) असा आहे, १९६६ पासूनचा, कोटिंगशी संबंध नाही.

जुन्या निक्कोरवर (निकॉनच्या लेन्सवर) नावाला जोडून एक अक्षर असतं, निक्कोर-एच, निक्कोर-क्यू वगैरे, ते काचांची संख्या सांगतं. क्यू चार, पी पाच, एच सहा, एस सात. मिनोल्टावर दोन अक्षरं, पहिलं गटांचं आणि दुसरं काचांचं, म्हणजे रोक्कोर-पीएफ म्हणजे पाच गटांत सहा काचा. माउंट ओळखायला याचा उपयोग नाही पण दोन सारख्या दिसणाऱ्या लेन्समधली कुठली आवृत्ती आपल्याकडे आहे ते लगेच कळतं.

व्हिव्हिटार ही कंपनी स्वतः लेन्स बनवायचीच नाही, दुसऱ्यांकडून बनवून घेऊन आपलं नाव घालायची. मग बनवली कोणी? सिरियल नंबरचे सुरुवातीचे आकडे बघायचे. २२ असेल तर किनो, म्हणजे पुढे किरॉन नावाने विकणारे. २८ कोमिने, ३७ टोकिना, ९ ने सुरू होत असेल तर कोसिना. माउंट मात्र त्यावरून कळत नाही, त्याच लेन्स सहा-सात माउंटमध्ये निघायच्या.

रशियन लेन्स आपल्याकडे खूप सापडतात, झेनिटबरोबर आलेल्या. हेलिऑस ४४-२ घ्या. पुढे रशियन अक्षरांत नाव असेल तर पहिलं अक्षर उलट्या एलसारखं दिसतं, तो त्यांचा ग, रशियन लोक हेलिऑसला गेलिओस म्हणतात. मग २/५८, म्हणजे एफ २ आणि ५८ एमएम, आधी अ‍ॅपर्चर मग फोकल लेंग्थ. सिरियलचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा सालाचे, ८३ ने सुरू होत असेल तर १९८३. शेजारी कारखान्याचं चिन्ह, प्रिझमसारख्या आकृतीतून बाण गेलेला असेल तर तो मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचा. आणि आपल्याला सीसीसीपी वाटतं ते त्यांच्या लिपीत एसएसएसआर. डिझाईन मूळचं जर्मन झाइसच्या बायोटारचं, ५८ एमएम एफ २ हेच आकडे त्याचेही. ४४-२ ला अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा असतात, एक आकडा लावून ठेवायला आणि दुसरी पाती उघड-मीट करायला, याला प्रीसेट म्हणतात. पुढच्या ४४एम ला मागे पिन आली.

जर्मन लेन्सवर नुसतंच "औस येना" किंवा "येना" लिहिलेलं दिसलं तर ती पूर्व जर्मनीच्या कार्ल झाइस येनाचीच. युद्धानंतर झाइसचे दोन तुकडे झाले, नावाच्या हक्कावरून भांडण झालं, मग पश्चिमेकडे विकताना पूर्ववाल्यांना पूर्ण नाव टाकता येईना.

कागदावरची परीक्षा

आता ती गोष्ट जी मला कोणी सांगितली असती तर दोन चुकीचे अ‍ॅडाप्टर घेतले नसते. लेन्स ज्या कडेने कॅमेऱ्याला टेकते तिथपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटचं ठरलेलं आहे. हे अंतर घरी मोजता येतं, कॅमेऱ्याशिवाय.

दुपारी खोलीत अंधार करा, खिडकीचं एकच दार उघडं ठेवा. समोर निदान शंभर-दीडशे मीटरवर काहीतरी ठळक पाहिजे, पाण्याची टाकी, मोबाईलचा टॉवर, लांबची बिल्डिंग. सूर्याकडे अजिबात धरू नका, कागद जळेल आणि डोळ्याचं वाटोळं होईल. लेन्सचं फोकस इन्फिनिटीला, म्हणजे आडव्या आठच्या खुणेवर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. लेन्सचा पुढचा भाग खिडकीकडे करा आणि मागे पांढरा कागद पुठ्ठ्यावर लावून पुढे-मागे सरकवा. एका जागी टाकी उलटी पण एकदम धारदार दिसते. तिथे कागद धरून ठेवा आणि दुसऱ्या कोणालातरी लेन्सच्या टेकणाऱ्या कडेपासून कागदापर्यंत पट्टी लावायला सांगा. आट्याच्या टोकापासून मोजायचं नाही हं, आटे संपून जी सपाट कड येते तिथून. पाच वेळा करा आणि सरासरी घ्या. हात थरथरतो, एक एमएम इकडे-तिकडे होणारच.

माझ्या लेन्सला ५४ ते ५६ च्या मध्ये आलं. टी-माउंटचं अंतर ५५. एम४२ चं ४५.४६. दोघांत जवळजवळ एक सेंटीमीटरचा फरक, म्हणजे हात थरथरला तरी शंका राहत नाही.

या परीक्षेत एम४२ आणि पेंटॅक्स के वेगळे करता येणार नाहीत कारण दोघांचं अंतर एकच आहे, पण एकाला आटे आणि एकाला पाकळ्या, त्यामुळे प्रश्न येत नाही. ३९ एमएमवाल्यांसाठी मात्र ही परीक्षा म्हणजे निकालच, २९ च्या आसपास आलं तर लायका, ४५ आलं तर झेनिट.

याच वेळी दुसरं एक काम करून घ्या. नावाची रिंग नसल्याने फोकल लेंग्थ माहीत नव्हती. मग हेलिऑस ५८ ने तीच टाकी त्याच खिडकीतून कागदावर पाडली, उंची १२ एमएम. बेनाम लेन्सने पाडली, २८ एमएम. लांबच्या वस्तूची प्रतिमा फोकल लेंग्थच्या प्रमाणात मोठी होते, तर ५८ गुणिले २८ भागिले १२, उत्तर १३५ आणि वर थोडंसं. आठवीचं त्रैराशिक. अ‍ॅपर्चर रिंगवर २.८ पासून २२ पर्यंत आकडे शाबूत होतेच, दोन रिंगा, बारा पाती, म्हणजे १३५ एमएम एफ २.८ प्रीसेट.

कुठल्या कॅमेऱ्याला लागेल

नियम एकच. लेन्सचं अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा जास्त असेल तर मधली जागा अ‍ॅडाप्टरने भरता येते. कमी असेल तर लेन्स कॅमेऱ्यात आत घुसवावी लागेल, ते होत नाही, मग लांबचं फोकस मिळत नाही, फक्त जवळचं मिळतं.

लेन्सचे आकडे लिहून ठेवा: निकॉन एफ ४६.५, ऑलिंपस ओएम ४६, कॉन्टॅक्स-याशिका ४५.५, एम४२ आणि पेंटॅक्स के ४५.४६, एक्झाक्टा ४४.७, मिनोल्टा एमडी ४३.५, कॅनन एफडी ४२, कोनिका एआर ४०.५. कॅमेऱ्यांचे: निकॉन डीएसएलआर (डिजिटल एसएलआर) तोच ४६.५, कॅनन ईओएस डीएसएलआर ४४, आणि मिररलेसमध्ये कॅनन आरएफ २०, मायक्रो फोर थर्ड्स १९.२५, सोनी ई १८, फुजी एक्स १७.७, निकॉन झेड १६.

बघा काय होतं ते. मिररलेस असेल तर वरचं सगळं चालतं, विषय संपला. कॅनन ईओएस डीएसएलआरवर निकॉन, ओएम, एम४२ चालतात, पण मिनोल्टा अर्ध्या एमएमने राहून जाते आणि कॅननची स्वतःची एफडीसुद्धा कॅननच्या ईओएसवर चालत नाही, हे ऐकून लोकांना धक्का बसतो. निकॉन डीएसएलआरवर यातलं जवळपास काहीच नाही, एम४२ ला एक एमएम कमी पडतो. मग काच घातलेले अ‍ॅडाप्टर मिळतात, मी एक वापरून बघितला, फोटो दुधात बुडवल्यासारखा आला. निकॉन डीएसएलआर वापरणाऱ्यांनी सरळ जुन्या निक्कोर शोधाव्यात, किंवा टी-माउंट, कारण ५५ म्हणजे त्यांच्यासाठीसुद्धा भरपूर.

कॅननच्या फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) डीएसएलआरवर एम४२ लावताना अजून एक बघा. हेलिऑससारख्या काही लेन्स इन्फिनिटीला फिरवल्या की मागचा भाग आत जातो आणि वर उठणारा आरसा त्याला लागतो. आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर बघत) करा, आरसा वरच असतो.

अ‍ॅडाप्टर घेताना

एम४२ च्या लेन्सला मागे छोटी पिन असेल तर ती दाबली की पाती मिटतात. साध्या अ‍ॅडाप्टरमध्ये ती कोणी दाबत नाही, मग तुम्ही एफ ८ लावा की १६, लेन्स उघडीच. लेन्सवर ए आणि एम असा खटका असेल तर एम वर ठेवा, काम झालं. खटका नसेल तर आतून कडा असलेला अ‍ॅडाप्टर घ्या, ती कडा पिन दाबून धरते. जुन्या फुजिनॉनवर अजून एक चिमुकला दात असतो माउंटच्या कडेला, तो अशा अ‍ॅडाप्टरवर अडतो, जोर लावू नका.

इन्फिनिटी खुणेच्या थोडी आधीच लागते असं दिसलं तर घाबरायचं कारण नाही, स्वस्त अ‍ॅडाप्टर मुद्दाम जरा पातळ बनवतात. इन्फिनिटी लागतच नसेल तर तो जाड आहे, परत करा.

कॅमेऱ्यात लेन्सशिवाय शटर चालू द्या अशी सेटिंग असते ती चालू करा, नाहीतर कॅमेरा म्हणतो लेन्सच नाही आणि फोटो काढत नाही. पहिल्या दिवशी निम्मी दुनिया इथेच अडकते. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा थरथराट सावरणारी सोय) असेल तर फोकल लेंग्थ हाताने भरा. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) लावा, पण एफ २ ला त्याच्यावर विसंबू नका, झूम करून बघा.

बुरशीचं थोडक्यात. आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातून मुंबई-कोकणात, ही लागतेच. टॉर्च मागून मारून पुढून तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. कडेला थोडी असेल तर फोटोत दिसत नाही, पण बाकीच्या लेन्सबरोबर एका डब्यात ठेवू नका. काच पिवळी दिसली आणि ती सुपर-ताकुमार ५० एफ १.४ असेल तर ती घाण नाही, आतल्या थोरियमच्या काचेमुळे येतो तो रंग, खिडकीत उन्हात काही दिवस ठेवली की बराच उतरतो. फक्त सूर्य लेन्समधून पडद्यावर किंवा सोफ्यावर गोळा होणार नाही अशी ठेवा, मागचं झाकण म्हणून चांदीचा कागद लावा.

माझ्या लेन्सला टी-माउंट ते सोनी ई असा अ‍ॅडाप्टर मागवला, लेन्सपेक्षा महाग पडला. गच्चीतून तीच टाकी काढली, एफ २.८ ला कडा जरा मऊ, ५.६ ला टाकीवरच्या शिडीचे गज मोजता येतात. नावाच्या रिंगच्या जागी आता काही नाही, पण मागच्या झाकणावर मास्किंग टेप चिकटवून पेनने लिहून ठेवलंय: १३५, २.८, टी, एम४२ नव्हे.